कंबरेची खोटी तक्रार

ता. ९ जानेवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षरं टपोरी झाली आहेत आणि ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात, म्हणजे डोळ्यांचं लिहिलंस ते खरं असणार. ‘दिवसेंदिवस अंधुक होत चाललंय, तुझं तोंड दिसतंय तोवर येऊन जा’ हे वाचलं आणि लगेच निघावंसं वाटलं. पण येऊ कसा? कंबरेतली कळ मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत उतरते. दहा मिनिटं बसलो की जीव नकोसा होतो, आणि माझा धंदा जुन्या गाड्या चालवून बघून विकत घ्यायचा. तुझ्याकडे यायचं तर अख्खा दिवस बसून प्रवास.

बायकोने हट्टाने एका दुखण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या, शेक, व्यायाम सगळं करून झालंय म्हटल्यावर त्यांनी नवंच काढलं. मणक्याच्या सांध्यांकडून दुखण्याची खबर नेणाऱ्या बारीक नसा असतात म्हणे. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत सुई तिथवर न्यायची आणि आधी नुसतं बधिर करणारं औषध सोडायचं. काही तास दुखणं थांबलं तर चोर सापडला. मग पुढच्या खेपेला सुईच्या टोकाने उष्णता देऊन त्या नसा गप्प करायच्या. कायमचं नाही, पण बरेच महिने आराम पडू शकतो. बोलणं गोड, दवाखाना चकाचक. अशा ठिकाणी माझा हात आपोआप खिशावर जातो.

तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा धाकटा भाऊ

ता. २० जानेवारी

चि. शंकासुरास, अनेक आशीर्वाद.

तू लहानपणी पेढासुद्धा हुंगून खायचास, त्यामुळे नवल वाटलं नाही. पण मलाही चकाचक दवाखान्यांचा भरवसा नाही. माझ्या डोळ्यांपायी तीन दवाखाने झाले. प्रत्येकाने आधीच्याला नावं ठेवली आणि शेवटी तिघांनीही हात वर केले. तेव्हा माणूस नीट पारखून घे. मात्र पारखण्यात वेळ दवडू नकोस. ही ओळ मी पट्टी ठेवून लिहिते आहे.

मायेने आठवण काढणारी,
अक्का

ता. ८ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

चाचणी झाली. पालथं झोपवलं, वर ते यंत्र, बाजूला पडदा. डॉक्टर जरा सुई सरकवत, पडद्यावर बघत, पुन्हा सरकवत. मग नर्सने सांगितलं, घरी जाऊन जे केल्याने दुखतं तेच मुद्दाम करा आणि दुखणं दहापैकी किती ते फोनवर कळवा.

आता माझी रीत तुला ठाऊक आहे. नव्या मेकॅनिककडे मी ठणठणीत गाडी नेतो आणि गिअरबॉक्स वाजतो अशी तक्रार करतो. हो हो, वाजतोय, उघडावा लागेल, असं म्हणाला की त्याचं नाव कायमचं कटाप. फेरी मारून येऊन काही वाजत नाही म्हणाला की त्यालाच माझं काम. तीच युक्ती मी इथे लावली. दुखणं आधी आठ होतं, आत्ताही आठच आहे, असं कळवलं. हा लबाड असेल तर तरीही उष्णतेची तारीख देईल, असा माझा होरा.

डॉक्टर सरळ म्हणाले, मग या नसा दोषी नाहीत, उष्णता देण्यात अर्थ नाही, दुसरं कारण शोधू. अक्का, माणूस शंभर नंबरी निघाला. प्रवासाचं मात्र लांबणीवर पडलं.

रागावू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. १२ फेब्रुवारी

ती. वन्संना, सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे. माझ्या मनात किंतु आला आहे. इंजेक्शनच्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर हे कठडा न धरता जिना चढले. दुपारी माळ्यावरची ट्रंक उतरवली आणि तुमच्याकडे येताना घालायचे कपडे बाहेर काढले. जेवताना पाय मोकळे करायला उठले नाहीत. संध्याकाळी पुन्हा कण्हायला लागले. तरी डॉक्टर म्हणतात गुण आला नाही, आणि हे खाली मान घालून बसतात. मला विचारलं तर तुला काय कळतंय म्हणाले. तुमच्याजवळ काही बोलले असतील तर कळवा. माझं तर डोकं चालेनासं झालं आहे.

तुमचा जीव आमच्यावर आहेच.

तुमची भावजय

ता. १९ फेब्रुवारी

चि. शहाण्यास,

आशीर्वाद नंतर. तुझ्या बायकोने मला सगळं लिहिलं आणि तू काय केलंस ते मी तिला कळवलं. डॉक्टर खरा निघाला, आणि तू? तू त्याला फसवलंस आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. अरे, गाडी खोटं बोलत नाही म्हणून तुझी युक्ती चालते. इथे गाडीही तूच होतास. मी दिवस मोजत नाही, पण काल शेजारीण दारात उभी राहिली तर मी तिलाच ‘कोण?’ म्हणून विचारलं. उद्या जा आणि खरं सांग. मला फार राग आला आहे आणि फार रडूही आलं आहे.

अक्का

ता. १४ एप्रिल

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही, कारण तोंड नव्हतं. गेलो होतो. सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, आता तुमचं पहिलं उत्तर धरता येत नाही आणि दुसरंही. चाचणी पुन्हा केली. या खेपेला औषध वेगळं होतं, किती वेळ टिकेल ते मला सांगितलं नाही, आणि संध्याकाळी फोन केला तो हिला. मी समोर बसलेला असताना, मी कसा उठलो, कसा वाकलो, हे ती सांगत होती. तिने दोन सांगितलं. खरंच दोन होतं.

मग उष्णता दिली. पहिले पंधरा दिवस जास्तच दुखलं आणि मला वाटलं, फसलो. पण नंतर उतरत गेलं. सगळं गेलेलं नाही. डावा पाय अजून कुरकुरतो. तासभर मात्र बसवतं, मग उतरून पाय मोकळे करायचे. असं करत करत तुझ्यापर्यंत पोचता येईल, डॉक्टरांना विचारून ठरवलं आहे. शनिवारी निघतो, हीही बरोबर आहे.

तुझं गेल्या महिन्यातलं पत्र शेजारणीच्या अक्षरात आलं. का ते तिने लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्या हट्टापायी तुझे किती दिवस गेले, याचा विचार केला की मला स्वतःची लाज वाटते.

दार उघडशील तेव्हा मी गप्प उभा राहणार नाही. आधी मीच हाक मारेन आणि मी आलोय म्हणून सांगेन. तुला किती दिसतं, ते मी तपासणार नाही.

तुझा धाकटा भाऊ