चाळीस दिवस जबान बंद

चैत्र वद्य ३, शके १८४९. अंबाजोगाई

आवाज गेला. कचेरीत उलटतपासणी चालू होती आणि मधेच घशातून नुसती हवा यायला लागली. हकीमसाहेबांनी घसा पाहिला. "वकीलसाब, चाळीस दिवस जबान बंद. कुजबुजायचं बी न्हाई. सावलीत बसा, सावकाश जेवा, सावकाश चाला. न्हाईतर आवाज कायमचा गेला म्हणून समजा."

मी — दोन घासांच्या मधेही बोलणारा — आता ऐन उन्हाळ्यात घरी मुका बसणार.

चैत्र वद्य ६

दिवस सरत नाही. पाटी आणली, पण महानंदाला वाचता येत नाही. बायकोशी खुणांनी संसार चालला आहे. ती हसते.

चैत्र वद्य १०

इष्टलिंगाची पूजा मी आजवर उरकायचो. डाव्या तळहातावर लिंग, वर विभूती, बेलाचं पान — आणि डोक्यात दिवसाचे खटले. आज घाई कशाची? बसून राहिलो. लिंगाचा गारवा तळहाताला जाणवत होता. श्वास आत, श्वास बाहेर. हाताला रग लागली तेव्हा पाहिलं, ऊन ओसरीवर चढलं होतं.

चैत्र अमावास्या

लिंबाखाली बाज टाकून जेवलो. भाकरी सावकाश चावली तर गोड लागते. हे चाळिसाव्या वर्षी कळलं!

वैशाख शुद्ध ५

नांदूरघाटचा बंकट आला. बांधावरून भावाशी भांडण. एरवी मी दुसऱ्याच वाक्याला 'दावा लावू' म्हणून मोकळा झालो असतो. आज नुसता ऐकत बसलो. तो बोलला, थांबला, पुन्हा बोलला. शेवटी उठला. "दावा ऱ्हाऊ द्या वकीलसाब. धोंडीरामाकडं जाऊन येतो आदी. भाऊच हाय."

मी एक अक्षरही लिहून दिलं नव्हतं.

वैशाख शुद्ध ११

महानंदा बोलताना अडखळते, पहिल्याच अक्षरावर. लग्नाला अकरा वर्षं झाली. तिचं वाक्य मीच पुरं करत आलो. तिला मदत म्हणूनच.

आज रांजण भरता भरता ती माहेरच्या विहिरीचं सांगत होती. "विहिरीत प... प..." माझ्या मनात लगेच आलं — पोहरा. तोंड उघडता येत नव्हतं म्हणून थांबलो. "पारवे," ती म्हणाली. कपारीत पारव्यांची घरटी होती. लहानपणी ती काठावर बसून त्यांचं घुमणं ऐकायची.

इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडी काय काय घातलं असेल?

वैशाख शुद्ध १२

आज ती आपण होऊन बाजेपाशी येऊन बसली.

वैशाख वद्य ४

आता रोज दुपारी बोलते. मी पंखा हलवतो आणि ऐकतो. अडखळणंही कमी झालंय, की मलाच ते आता ऐकू येत नाही?

आज तिनं रेवणचं नाव काढलं. आमचं एकुलतं लेकरू. दहा महिन्यांचा होता, सहा वर्षांपूर्वी तापानं गेला. त्याच्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. "त्या दि... दिवशी सकाळी—" ती म्हणाली, तोच शेजारच्या जानकीबाई ताक मागायला आल्या. महानंदा उठून आत गेली.

वैशाख वद्य १३

हकीमसाहेब म्हणाले, "बोला." वाटेत एकटाच 'महानंदा' म्हणून पाहिलं. आवाज खरखरीत, पण माझाच.

घरात पाय टाकला आणि तिनं बोलायला सुरुवात केली. मी बाजेवर बसलो.

"रेवण सकाळधरनं प... पीत न्हवता. अंग लई तापलं हुतं. तुमी कचेरीला निघालता. मी म्हनलं, रेवण... रेवण... तर तुमीच म्हनलात, झोपलाय ना, झोपू दे. आन् गेलात."

रागानं नाही सांगितलं.

उन्हं उतरल्यावर दोघं रेवणच्या समाधीवर गेलो. तिथं मी तोंड उघडलं. म्हणालो, "अजून सांग."