साडूसाठी कालवं

४ डिसेंबर
ठरलं. रविवारी साडू सहकुटुंब जेवायला येतोय आणि मी त्याला कच्ची कालवं खाऊ घालणार. घरी. स्वतःच्या हातांनी उघडून. परदेशवारी करून आल्यापासून या माणसाने ऑइस्टर ऑइस्टर करून डोकं उठवलंय. लिंबू पिळायचं आणि थेट घशाखाली, म्हणे. आणि आमची सौ. जेवायचं सोडून ऐकत बसते! माझं बोलणं तिने असं कधी ऐकलंय? रविवारी ऐकेल. मत्सर वगैरे काही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

५ डिसेंबर
व्हिडिओ पाहिले. बिजागरीत सुरी घालायची, मनगट फिरवायचं, खेळ खलास. यासाठी वेगळी सुरी मिळते म्हणे. उगाच लोकांना लुटायचे धंदे. घरात स्क्रू-ड्रायव्हर आहे.

६ डिसेंबर
दोन डझन कालवं आणली. व्हिडिओतला म्हणतो, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. अरे, पाण्यातला जीव तो! त्याला पाणी नको? कॉमन सेन्स नावाची चीजच उरली नाही. बादलीत ठेवली. तीही नळाच्या नाही, फिल्टरच्या पाण्यात. प्यायला थेंब उरला नाही म्हणून सौ.ची कटकट. पाहुण्यांसाठी एवढं तर करावंच लागतं.

७ डिसेंबर, सकाळ
एकावर सराव केला. स्क्रू-ड्रायव्हर सटकला. कालवाला ओरखडा नाही. अंगठ्याला आहे. सौ.ने पट्टी बांधली आणि स्क्रू-ड्रायव्हर पुसून जागेवर ठेवून दिला. ते जास्त लागलं. असो. अंगठा डावा आहे, उघडायचा हात उजवा.

संध्याकाळ
कमाल झाली! बहुतेक कालवं आपणहून उघडलीत. फिल्टरचं पाणी मानवलं. साडूला वेटरने उघडून दिली होती, माझ्याकडे ती स्वतःहून उघडतात. सौ. म्हणते वास येतोय. समुद्राला वास असतोच.

८ डिसेंबर
बर्फ पसरला, लिंबं कापली, ताट मधोमध ठेवलं. मेहुणीने, म्हणजे सौ.च्या ताईने, नाकाला रुमाल लावला. साडूने काट्याने एका शिंपल्यावर टकटक केलं. दुसऱ्यावर केलं. मग हळूच म्हणाला, "साडूभाऊ, ही मेलीत हो. जिवंत असती तर मिटली असती."

गोड्या पाण्यात ती जगत नाहीत म्हणे. मी म्हटलं, दमली असतील. आणि एक उचलून तोंडाशी नेलं. माघार घेणाऱ्यातला मी नव्हे. सौ.ने सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं. "खाली ठेवा ते. मला तुम्ही हवे आहात."

ठेवलं. सगळ्यांनी ऑम्लेट-ब्रेड खाल्लं. साडू बोलत होता, सौ. ऐकत होती. पण मनगट माझं धरलं होतं, त्याचं नाही. एकूण दिवस माझाच म्हणायचा.

९ डिसेंबर
त्याच जोरावर आज सौ.ला विचारलं, साडूचं एवढं मन लावून काय ऐकतेस? म्हणाली, ताईसाठी. ताईने ते शंभरदा ऐकलंय. आपण समोर बसलो की बिचारीला उठून जाता येतं.

म्हणजे कालवांचं तिला कौतुक नव्हतंच. मग माझंही ऐकत जा की कधी, म्हटलं.

"तुमचं ऐकायला ताई येते," म्हणाली, आणि बादली घासायला माझ्या हातात दिली.