ह्यांचं धनुष्य आणि रोहनची नजर

३ मार्च, मंगळवार
रोहनला ह्यांचं कपाटातलं धनुष्य हवंय. ऑफिसातली टोळी ह्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात रानडुकरं मारायला निघालीय. बापाने जन्मभर घासून जी नजर कमावली, ती पोराला विमानाच्या तिकिटाबरोबर हवी. म्हटलं, आधी नजरेने अंतर सांगायला शीक, मग कपाट उघडते.
"आई, त्याला यंत्र मिळतं गं."
यंत्र डुकराचं सोडून मधल्या गवताचं अंतर सांगतं. आणि साहेबांचं बटण दाबून होईपर्यंत डुक्कर थांबणार आहे का?

७ मार्च, शनिवार
आमच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, स्विमिंग पूलपाशी सराव. कुंडी, बाक, सगळ्यांचं अंतर बरोबर सांगितलं. मित्राला लगेच फोन, इथल्या लकबीत, आईची टेस्ट एकदम ईझी लाह. पूलची लांबी पाटीवर लिहिलीय, फरश्या एकसारख्या. हा फरश्या मोजतो आणि त्याला नजर म्हणतो.

८ मार्च, रविवार
बोटीने पुलाउ उबीन बेटावर. धनुष्य घरीच, नुसता डोळा न्यायचा. दाट झाडीत वठलेलं खोड दाखवलं. चाळीस मीटर, ठामपणे. टेप धरली, सव्वीस. सावलीत वस्तू लांब वाटते, हे ह्यांनी मला इथंच शिकवलं. मोकळ्यावर उलटं, कमी सांगितलं. म्हणे ऊन डोळ्यावर होतं.
"बाण खाली गेला असता. पोटात."
"लागला तर असता ना."
ह्यांच्या हातून एकदा तसा लागला होता. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर फिरले, जनावर मिळालं नाही. नंतर कितीतरी दिवस जेवण नीट नाही. रोहन ते मित्रांना विनोद म्हणून सांगतो.

११ मार्च, बुधवार
एमआरटीच्या, मेट्रोच्या, स्टेशनात समोरच्या फलाटावरची बाई. मनात म्हटलं, अठरा मीटर. हे असते तर वीस म्हणाले असते आणि गाडी येईपर्यंत भांडले असते. आता माझंच बरोबर, रोज.

१५ मार्च, रविवार
परत उबीन. डास, घाम, साहेबांचं तोंड फुगलेलं. खाणीच्या तळ्यापलीकडचा दगड दाखवला. बराच वेळ बघत राहिला.
"नाही सांगता येत."
"मग?"
"मग नाही मारणार. झालं? चल, बोट जाईल."
ह्यांना हेच उत्तर हवं असायचं. पण कळून दिलं, की डास चावत होते म्हणून? बोटीत चेहरा निरखला. फोनवर बूट बघत होता, शिकारीचे.
शुक्रवारी निघतोय. जेवताना कपाटाकडे बघून विचारलं, "आई, देणार ना?"
मी त्याला आमटी वाढली.