कढईच्या काठावर दोनदा

३ जानेवारी
नात संचिता कॉलेजातनं बातमी घेऊन आली. ठाण्यातल्या नौपाड्याच्या जुन्या दगडी हॉटेलात भूत आहे म्हणे. दुपारी भटारखाना बंद असतो तेव्हा आत झारा वाजतो, कढईच्या काठावर दोनदा. व्हिडिओ पण फिरतोय. मी म्हटलं, अगं उंदीर असेल. आमच्या ह्यांनी तिथे बत्तीस वर्षं वडे तळले. तेही दोनदाच आपटायचे. म्हणून काय झालं? तेल निथळायला सगळेच आपटतात. चौथी पास आहे मी, खुळी नाही.

६ जानेवारी
कोपरहून ठाण्याला गेले. डॉक्टरकडे काम होतं. वाटेत हॉटेल लागलं म्हणून मागच्या गल्लीत पाच मिनिटं टेकले. दीड तास झाला. डॉक्टर राहिला.

९ जानेवारी
परत जायचं नाही. गुडघे काय फुकटचे नाहीत.

१० जानेवारी
गेले. चष्म्याचं घर तिथे राहिलंसं वाटलं. पिशवीतच होतं. भगवान वेटर म्हणाला, नाव घेऊन तीनदा हाक मारली की भूत ओ देतं. मी म्हटलं, नवऱ्याचं नाव मी एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात. आता म्हातारपणी गल्लीत ओरडू काय? तो म्हणाला, मावशी, तुमच्या नवऱ्याचं कोण बोललं? आगाऊ मेला.

१३ जानेवारी
झोप नाही. ॲसिडिटी.
ह्यांच्या शेवटच्या सकाळी चहावरून भांडण झालं. हे चहा न घेताच हॉटेलात निघाले. मी म्हटलं, मरा तिथेच. अकराला निरोप आला, कढईपाशी पडले. रागात सगळ्याच बायका म्हणतात. शेजारची ठमाबाई रोज म्हणते. तिचा नवरा ऐंशीचा आहे, ठणठणीत.

१५ जानेवारी
उद्या सोक्षमोक्ष. नाव घेईन, कोणी ओ देणार नाही, पोरीची बडबड बंद. हिरवी साडी काढून ठेवली. बाकीच्या वाळल्या नाहीत.

१६ जानेवारी, दुपारी ३
मागचं दार बंद होतं. आत वाजलं. दोनदा.
तोंडाला पदर लावला आणि नाव घेतलं. गुणाजी. तीनदा घेतलं. कोणी बोलेना, तर म्हटलं, "अहो, ते मी रागात बोलले होते. मला तसं नको होतं हो."
दार उघडलं. नवा आचारी, मिशीवाला, हातात झारा. सुट्टीच्या वेळात स्वतःपुरती भजी तळत होता.
म्हणाला, "इधर कोई गुणाजी नहीं है, अम्मा."
हेच तर मी सगळ्यांना सांगतेय, असं म्हणणार होते. तळणाचा धूर डोळ्यांत गेला, तो पदरानं पुसत राहिले.