उंचवट्यानंतर उजवं सहा

३ मे १९८३, मंगळवार. उदगीर

सही केली.

माणिकप्पांच्या बैठकीत, पंख्याखाली, त्यांच्याच पेनने. दोन अटी. रॅली होईपर्यंत कुठंही जाहीर बोलायचं नाही. आणि बावीस तारखेला त्यांच्या मुलाच्या गाडीत शेजारी बसायचं. बदल्यात जूनपासून शाळेत परत. ते आमच्या शाळेचे अध्यक्ष. फेब्रुवारीत त्यांनीच मला निलंबित केलं — पाण्याचे टँकर कुणाच्या मळ्यात रिकामे होतात ते मी चौकातल्या सभेत नावानिशी सांगितलं म्हणून.

"गुरुजी, तुमचा आवाज वाया चाललाय," माणिकप्पा म्हणाले. "जरा कामाला लावू."

लातूर जिल्हा झाला त्याचा हा पहिलाच उन्हाळा. विहिरींना तळ दिसतोय. आणि नव्या जिल्ह्याच्या नावानं मोटारींची शर्यत! याच्यावर मी दोन तास बोलू शकलो असतो. सही मात्र एका झटक्यात केली, त्याचंच वाईट वाटतंय.

५ मे, गुरुवार

मलप्पा भेटला. अध्यक्षांचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, बंगळूरला शिकलेला. त्याच्या शेजारी बसणारा मामेभाऊ हात मोडून घरी पडलाय. मीच का, म्हणून विचारलं. त्यानं सरळ सांगितलं —

"फेब्रुवारीत मी मागं उभा होतो सर. माईक बंद पडला, तरी शेवटपर्यंत ऐकू आलं. फियाटमधल्या इंजिनाच्या आवाजात मला तसा माणूस लागतो."

दुसरं कारण म्हणजे चालत्या गाडीत वाचलं की बहुतेकांना मळमळतं. मला नाही. पंधरा वर्षं एस.टी.त वाचतोय, माझं निम्मं वाचन त्या बाकांवर झालंय.

म्हणजे ज्या भाषणानं नोकरी गेली, त्याच भाषणानं ही जागा मिळाली.

८ मे, रविवार

हे काय असतं ते आज नीट कळलं. उतरवून ठेवतो.

शर्यतीआधी एकदा त्या रस्त्यावरून सावकाश जायचं. याला रेकी म्हणतात. ड्रायव्हर एकेक वळण बघून बोलतो, शेजारचा वहीत लिहून घेतो. त्या पेस नोट. शर्यतीच्या दिवशी ड्रायव्हरला पुढचं बघायला वेळच नसतो. शेजारचा वही वाचतो आणि तो ऐकत चालवतो. वळण दिसायच्या आधी त्याच्या कानात पडलेलं असलं पाहिजे.

वळणाला आकडा असतो. एक म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरते. सहा म्हणजे वळण आहे असं वाटतही नाही. मग ते वळण पुढं आवळतं की उघडतं. मग पुढच्या वळणापर्यंत किती मीटर. धोका असेल तिथं एक उद्गारचिन्ह, फार धोका असेल तिथं दोन. 'उंचवटा' म्हणजे पलीकडचं दिसत नाही.

"डावं तीन, आवळतं, शंभर, उंचवटा, उजवं पाच." एवढंच. कर्ता नाही, अलंकार नाही, कुणाला उद्देशून नाही.

मलप्पाला इंग्रजीची सवय. मी म्हटलं, मराठीत लिहू, घाईत तोंडातून आईचीच भाषा निघते. तो हसला. "माझी आई कन्नड बोलते सर." शेवटी मराठीच ठरलं. वाचणारा मी ना!

या खेळाचा राग अजून येतोच. पण रस्ता असा कागदावर उतरतो हे मला आवडलं. इथंच कबूल करतो, बाहेर नाही करणार.

११ मे, बुधवार

खडीच्या ढिगात घुसलो. चूक माझी.

सभेत मी महत्त्वाच्या शब्दाआधी थांबतो. लोक श्वास धरतात, मग शब्द टाकतो. वीस वर्षांची सवय. आज सरावात "डावं" म्हणालो आणि थांबलो. "दोन" तोंडातून निघेपर्यंत आम्ही रस्त्याच्या बाहेर.

मलप्पानं इंजिन बंद केलं. धूळ बसू दिली. मग म्हणाला, "सर, टाळ्यांची वाट बघू नका."

खडी रोजगार हमीच्या बायकांनी फोडलेली. त्या तिथंच होत्या. एक वाकून काचेतून बघायला लागली. "अगं बाई, गुरुजी हायत आत! आमी फोडायलोत अन् तुमी पांगवायलाव व्हय?" सगळ्या हसल्या. याच बायकांच्या मजुरीसाठी मी गेल्या वर्षी तहसीलवर मोर्चा नेला होता. उतरून काही बोलावं म्हटलं, तर छातीवरचा पट्टा सुटेना. बक्कल दाबायचं की ओढायचं तेही आठवेना. हेल्मेट घालून आत बसून राहिलो.

१२ मे

एकही चूक नाही. दिवसभरात एक पूर्ण वाक्यही नाही.

१४ मे, शनिवार

आज खरा रस्ता दाखवला. जळकोटचा घाट. आणि तो आमच्या वस्तीवरून, आई राहते तिथून जातो.

वस्ती रस्त्याच्या अलीकडं, विहीर पलीकडं. झरा बारीक झालाय. एका वेळी तीसेक घागरी निघतात, मग तळ, मग चार तास वाट. म्हणून पाळ्या ठरल्यात. पहाटे गावाची, नऊला आमच्या वस्तीची, दुपारी जनावरांची. पाळी चुकली तर दुसऱ्या दिवशी नऊला. मध्ये कुणी कुणाला घागर बुडवू देत नाही, कितीही ओळखीचा असो. आणि बावीसला रस्ता बंद राहणार आठ ते बारा. कुणी मुद्दाम केलं नसेल. त्यांच्या नकाशात विहीरच नाही.

चढाच्या टोकाला मलप्पानं सांगितलं, "उंचवटा, उजवं सहा, पूर्ण वेग."

मी पेन उचललं नाही. म्हटलं, "पलीकडं उतारावर बायका रस्ता ओलांडतात. माझी आई असते त्यात. दोन उद्गारचिन्हं टाकू."

"त्या दिवशी रस्ता बंद हाय सर. निशाणवाला उभा राहील."

"तरी टाकू."

"तिथं वेग सोडला तर शर्यत गेली. नोटमध्ये रस्ता लिहायचा असतो. माणसं न्हाई लिहीत."

लिहिलं. उजवं सहा. माझ्याच अक्षरात.

१६ मे, सोमवार

माणिकप्पांकडे गेलो. वेळ बदला म्हटलं. पत्रकं छापून झालीत, लातूरहून पाहुणे नऊला पोचणार, म्हणाले.

"तुमच्या वस्तीला त्या दिवशी माझा टँकर. साडेसातला, रस्ता बंद व्हायच्या आधी, लिंबाखाली उभा. शब्द देतो. तुम्ही जाऊन सांगा, बायका घरी थांबल्या पाहिजेत. तुमचंच ऐकतात."

"बोलायचं नाही अशी सही घेतलीय तुम्ही."

"हे बोलणं चालतं गुरुजी."

त्यांच्या टँकरवरच मी फेब्रुवारीत बोललो होतो. हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.

१७ मे

इस्लापूरहून बायकोचं, कावेरीचं पत्र. दवाखान्यात रोज जुलाबाचे पेशंट, तिला रजा मिळत नाही. खाली लिहिलंय — "तुम्ही बोलता आणि समोरचा लगेच वळतो, हे सुख मला नऊ वर्षांत मिळालं नाही. मलप्पांना नमस्कार."

तिला सहीचं कळवलेलंच नाही.

१९ मे, गुरुवार

वस्तीवर बोललो. लिंबाखाली सगळी सतरा घरं जमली. टँकर येणार, बावीसला कुणी रस्त्यावर जायचं नाही, एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम.

आईच्या शेजारची नागुबाई म्हणाली, "अन् न्हाई आला तर?"

तिथं मला चढलं. फेब्रुवारीच्या सभेनंतर तोंड बंदच होतं. रस्त्यावर जीव देऊन पाणी आणायचे दिवस गेले म्हणालो. पाणी आपल्या दारात यायला पाहिजे, ते यायला लागलंय, एक दिवस घरात बसून ते येताना बघा म्हणालो. थांबायचं तिथं थांबलो. मग म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवा."

नागुबाईनं मान हलवली. आई म्हणाली, "लई दिसानं बोललास रे व्यंकटी."

चांगला बोललो. घरी येताना सायकलवर तेच मनात घोळत होतं, की चांगला बोललो.

२१ मे

माणिकप्पांना टँकरचं विचारायला दोनदा गेलो. दोन्ही वेळा गडी म्हणाला, बाहेर गेलेत. चपला दारात होत्या.

२२ मे, रविवार. जळकोट, दुपार

संपलं. लवकर लिहून टाकतो.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आमची गाडी सुटायची होती. नऊला चुलतभाऊ मारोती पाऊलवाटेनं सायकल हाणत आला. काचेला तोंड लावून म्हणाला, "टँकर न्हाई आला."

"बायका?"

"मी निघलो तवा दोघीतिघी घागरी घेऊन उठल्या व्हत्या."

घड्याळवाल्याला ओरडून सांगितलं, उतारावर बायका असतील. तो म्हणाला, निशाणवाला आहे तिथं. मी बक्कलला हात घातला. या वेळी कसं सोडायचं ते माहीत होतं. मलप्पा म्हणाला, "वही, सर." घड्याळवाला बोटं मिटत होता — पाच, चार, तीन. उतरलो असतो तर शर्यत तिथंच संपली असती. आणि जूनही. मी वही उघडली.

वाचत गेलो. डावं चार. पन्नास. उजवं तीन, उघडतं. एकही शब्द चुकला नाही. आवाज माझाच, पण मला तो लांबून कुठून तरी येतोय असं वाटत होतं. चढ लागला. "दीडशे, उंचवटा —" आणि पुढं जे लिहिलं होतं ते निघेना.

"थांब!"

मलप्पानं ब्रेक मारला. गाडी आडवी घसरत टोकावर जाऊन उभी राहिली. खाली सगळा उतार दिसत होता.

कुणी नव्हतं. बाभळीखाली निशाणवाला विडी ओढत बसलेला. रस्ता मोकळा, विहिरीपर्यंत.

"नोटमध्ये हे न्हाई," मलप्पा म्हणाला.

"नाही."

"मला ही जागा पाठ हाय सर. सहा हाय ते माहीत होतं."

"मग का थांबलास?"

"तुम्ही म्हणालात." एवढं बोलून त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मागची गाडी यायला दोन मिनिटं. आम्ही ढकलून फियाट कडेला घेतली. ती पुन्हा सुरू झालीच नाही.

मांडवात माणिकप्पा पाहुण्यांशी बोलत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जूनचं नंतर बघू."

टँकरचं तोंडावर विचारायचं होतं. विचारलं नाही. खरं सांगायचं तर रागही येत नाही. हलकं वाटतंय. रस्ता रिकामा होता म्हणजे बायका आधीच ओलांडून गेल्या असणार. रस्ताबंदीला त्यांनी भीक घातली नाही. माझ्या भाषणालाही नाही. बरं झालं! आता वस्तीवर जातो, चालतच.

२२ मे, संध्याकाळ. वस्ती

घागरी लिंबाखाली ओळीत, सगळ्या रिकाम्या. उठलेल्या दोघीतिघींना आईनं परत बसवलं होतं. व्यंकटी बोललाय, म्हणाली. बारापर्यंत बसल्या. पाळी गेली. आता उद्या नऊला.

नागुबाईनं रांजण तिरका करून तळातलं वाटीत काढलं. "उन्हाचा आलास, घे."

मी प्यालो.