माझ्याविषयी तीन कागद

बिश्केक, १४ नोव्हेंबर

प्रिय जोमार्त,

तुझ्याकडे बर्फ पडला आणि तुला मुलगी झाली, या दोन्ही बातम्या तुझ्या आईकडून कळल्या. असो. माझी बातमी तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून लिहितो. आपल्या लिफ्ट दुरुस्तीच्या कचेरीत मुख्य मेकॅनिकची जागा रिकामी झाली होती. बावीस वर्षं मी या कामात आहे. कुठल्या संस्थेत शिकलो नाही, जर्मन लिफ्टची पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. अडुसष्ट इमारतींच्या लिफ्ट मी नुसत्या आवाजावरून ओळखतो. ती जागा माझीच होती, हे तूही नाकारणार नाहीस.

पण नवी मॅनेजर बेगिमाय, वय वर्षं एकतीस, हिने ठरवलं की माणसाचं वार्षिक मूल्यमापन एकट्या साहेबाने करायचं नाही. सोबत काम करणाऱ्या तिघांनीही त्याच्याविषयी कागदावर लिहायचं, स्वतःचं नाव न घालता. पहिल्या खेपेला आपल्या लोकांनी काय केलं असेल, ओळख. लग्नाच्या पंगतीत पेला उंचावून बोलतात तसं लिहिलं. उस्तादांना शंभर वर्षं आयुष्य लाभो, अंगण नातवंडांनी भरो. वयाने मोठ्या माणसाविषयी दुसरं लिहायचं तरी काय? बेगिमायने सगळे कागद परत केले. म्हणाली, ही भाषणं मेजवानीत करा, मला फक्त सांगा की उस्तादांबरोबर काम करताना काय अडतं. मी मनात हसलो. माझ्याबरोबर काय अडणार?

दुसऱ्या खेपेचे तीन कागद तिने माझ्यापुढे ठेवले. पहिल्यात होतं, उस्तादांचं काम कधी चुकत नाही, पण आमचं चुकलं की ते बोलत नाहीत, हातातला पाना काढून घेतात. दुसऱ्यात तेच, शुद्धलेखनाच्या सात चुकांसकट. तिसरा एर्मेकचा, हे लगेच कळलं, कारण त्यात त्याच्याच कामाचा पत्ता होता. सहाव्या वस्तीतल्या चौदा नंबरच्या इमारतीत त्याने ब्रेकचे पट्टे बदलले होते, पट्टे आणि चाकातली फट नीट बसली नव्हती, आणि अकरा दिवस तो गप्प होता. उस्तादांना विचारलं असतं तर चार लोकांत हातातला पाना गेला असता, असं त्याने लिहिलं होतं.

मी तसाच उठून तिथे गेलो. फट अर्धा मिलिमीटर हवी, ती एक पूर्णांक आठ दशांश निघाली. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबत होती. एक बाई तान्ह्या मुलासकट बाबागाडी उचलून बाहेर काढत होती. मी लिफ्ट बंद केली, फट बसवली. खाली एर्मेक उभा होता, चाळिशीचा बाप्या, टोपी हातात घेऊन.

"मला का नाही सांगितलंस?"

"उस्ताद, तुम्हाला सांगून आजवर कोणाचं भलं झालंय?"

जागा आपल्याच कचेरीतल्या मिर्लानला मिळाली. त्याला जर्मन आकृती वाचता येत नाहीत. दर दोन दिवसांनी तो मला विचारायला येतो, आणि बाकी सगळे त्याला विचारायला जातात. अपमान मी गिळला असता. पण ते कागद नसते तर त्या ब्रेकचं मला कळलंच नसतं, आणि म्हणून बेगिमायच्या पद्धतीला नावं ठेवायचीही मला सोय राहिली नाही.

एर्मेकच्या कागदावर शेवटी आणखी एक ओळ होती: जोमार्तही यामुळेच काम सोडून गेला. दोन वर्षं मी सगळ्यांना, तुझ्या आईलासुद्धा, सांगत आलो की भाच्याला मोठ्या शहराची हौस. तुझे सासरे राहतात त्या इमारतीत, त्यांच्या देखत, मी तुझ्या हातातला पाना काढून घेतला होता. तू जिना उतरून गेलास. तू गेल्यावर मी तू बसवलेली ब्रेकची फट मोजली. बरोबर अर्धा मिलिमीटर होती. तुझं काम चोख होतं, जोमार्त. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी कोणाला सांगितलं नाही. आज सकाळी तुझ्या सासऱ्यांकडे जाऊन सांगून आलो. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. आता तुला सांगतोय.

तुझाच,
कुबात मामा