इरफान कुणाकडून खेळणार?

२ ऑक्टो. २०१५, शुक्र.
इरफानच्या कंपनीची टीम खलास. कंपनीच सोहारला हलली, हा एकटा मस्कतच्या कामासाठी मागे राहिला. म्हणजे इथला बास्केटबॉलचा सगळ्यात भारी गडी मोकळा! आमच्या हमरियाच्या टीमला पाचवा हवाच आहे. लगेच फोन केला. "सांगतो ना दादा, इन्शाल्ला." वाटलं, आलाच.

६ ऑक्टो., मंगळ.
कसला आलाच! वादी कबीरच्या टीमलाही "सांगतो", मदिनत सुलतान काबूसच्या साहेबलोकांच्या टीमलाही "सांगतो". वा.क.वाल्यांनी तर प्रॅक्टिसच धरली नाही, कुणाला कुठे उभं करायचं तेच ठरेना. चिपळूणचा प्रकाश आमच्याकडून खेळायला तयार आहे. उंच आहे, पण चेंडू हातात आला की गडबडतो. त्याला म्हटलं, थांब जरा. तोंड पाडून गेला बिचारा. बरं नाही वाटलं.

९ ऑक्टो., शुक्र.
इ. जेवायला. सुनंदाने सुरमई तळली, सोलकढी केली. दुपारची नमाज आटपून आला तो दिवस मावळेपर्यंत बसला. रत्नागिरीच्या गप्पा, हसणं-खिदळणं. टीमचा विषय काढला की "वहिनी, अजून थोडा भात." तो गेल्यावर सुनंदा म्हणते, "पोराला मुलगी दाखवताय की काय?" परवा साहेबलोकांनी हॉटेलात नेलं होतं म्हणे. पुढच्या शुक्रवारी वा.क.ला बिर्याणी. हा काय पंगती चाखून ठरवणार?

१३ ऑक्टो., मंगळ.
डोक्यातून जाईना. साहेबलोक नोकरी देतायत? गुडघा दुखतोय? भाव खातोय म्हणावं, तर काही मागत नाही. आणि आमच्याकडे देण्यासारखं आहे तरी काय, सुरमई!

१६ ऑक्टो., शुक्र.
घोटाळा. साहेबलोक वाट बघून कंटाळले, त्यांनी प्रकाशला घेतलं. त्याचाच फोन आला. "दादा, तुम्ही थांब म्हणालात, ते ये म्हणाले." आम्ही उरलो चौघे. उद्या रात्रीपर्यंत स्पर्धेला पाच नावं दिली नाहीत तर यंदा टीम बाद. इतकी वर्षं चालवलेली टीम! इ.चा राग आलाय, त्याहून माझा जास्त.

१७ ऑक्टो., शनि.
सकाळीच गेलो त्याच्या खोलीवर. चार खाटा, तीन खाटांवरच्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. पोरं सोहारला गेली तेव्हापासून तशाच. चहा टाकला त्याने. मी सरळ विचारलं, "बाबा रे, अडलंय कुठे?"

हसला आधी. मग म्हणाला, "खरं सांगू दादा? एकाला हो म्हटलं की बाकीच्यांचं बोलावणं बंद. बघा ना, साहेबांना प्रकाश मिळाला, फोन थांबला त्यांचा. इथे एकट्याने सुट्टीचा शुक्रवार जात नाही हो."

मी काय काय तर्क लढवले होते! हे एक डोक्यात आलंच नाही. राग कुठच्या कुठे गेला. बोलून बसलो, "टीमचं मरू दे. तू ये जेवायला, कुणाकडूनही खेळ."

"वा.क.वाल्यांकडून खेळलो तरी?"

"तरी."

"वहिनी चालवून घेतील?"

"तिला तुझी टीम कुठली, तेच माहीत नाही."

"मग तुमचा पाचवा कोण?"

"तूच" म्हटलं तर पुन्हा टीमसाठीच आलो असं व्हायचं. अजून एक कप चहा मागितला.